तुझ्या लादिनीला उत्तर

कोत्रीन मावशी,

मी तुला ‘बघू’ म्हणाले होते, आणि तू नेहमीप्रमाणे त्याचा परस्पर ‘हो’ करून टाकलास. आता तू गेलीस आणि तो ‘बघू’ माझ्या गळ्यात राहिला. तुला मातीत ठेवून परतलो तेव्हापासून मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडते आहे. हयातीत तू मला बोलू दिलं नाहीस. आता ऐकून घे.

ओट्यावर बसून तू केळफूल सोलत होतीस. हाताला खोबरेल, मांडीवर जुनं फडकं. मी समोर बसून फुलांतला कडक दांडा काढून टाकत होते, म्हणजे मदत करत होते. तुझ्या मते तुझं काम लांबवत होते. भाजीत वाल घालायचे की वाटाणे असं विचारावं त्या आवाजात तू म्हणालीस, “मी गेले की लादीन होईल. फिलू सांगील. उत्तर तू द्यायचं.”

मी म्हटलं, मावशी, तुझा मुलगा आहे, सून आहे, अख्खी आळी आहे, त्यात मी बिल्डिंगमधली कुठे? तू म्हणालीस, विल्सनला ती लादिनीची जुनी प्रार्थना येत नाही, सुनेला फक्त मराठीतली येते, आणि नातवंडांना हसू आवरत नाही. मग केळफुलाचं एक पान उलगडून बाजूला ठेवलंस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, “तुझी नोकरीच ती होती ना. उत्तर द्यायची.”

नोकरी होतीच ती. मुंबईत एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर मी कितीतरी वर्षं बसले. कोणीही हाक मारो, तीन वेळा घंटी वाजायच्या आत ‘नमस्कार’ म्हणायचं. पुढे यंत्रं आली, यंत्रंच बोलायला लागली आणि आम्हा बोर्डावरच्या बायकांना फुलांचे गुच्छ देऊन घरी पाठवलं. त्या दिवशी मी गुच्छ घेऊन तुझ्याकडे आले होते. तू तो बघितलास आणि म्हणालीस, आमच्या वाडीत यापेक्षा बरी फुलं आहेत. त्या वाक्याने मला जेवढं बरं वाटलं तेवढं साहेबाच्या भाषणाने वाटलं नव्हतं.

आपली ओळख मात्र भांडणाने झाली. सांडोर गावातल्या तुमच्या वाडीचा एक तुकडा तुझ्या दिराने विकला आणि त्याच्यावर आमची बिल्डिंग उभी राहिली. आम्ही गिरगावातली दहा बाय बाराची खोली सोडून आलो होतो. स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःची मोरी, गॅलरीतून दिसणारी केळीची बाग. मला स्वर्ग वाटला होता. मोरीचं पाणी कुठे जातं हे विचारायचं मात्र मला सुचलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात तू अनवाणी तीन जिने चढून आलीस. लाल लुगडं, कानात सोन्याच्या जड बाळ्या, हातात कोयता. कोयता तू वाडीतून येताना सहज आणला होतास, हे मला नंतर कळलं. सुधीर, म्हणजे माझा नवरा, दाराच्या साखळीतून बोलत होता. तू शांतपणे सांगितलंस, “तुमच्या भांड्यांचं पाणी माझ्या केळी पितात. साबण जरा कमी घाला.”

मी साबण कमी केला. बिल्डरने पाइप हलवायला दोन पावसाळे घेतले. तेवढ्या काळात तू मला ‘बिल्डिंगवाली’वरून ‘माधवी’वर आणलंस, आणि मी तुला ‘अहो मावशी’ म्हणत राहिले. तुला ते आवडायचं नाही. अहो-जाहो तलाठ्याला करायचं, तू म्हणायचीस. मावशीला ‘तू’ म्हणायला मला वेळ लागला खरा, पण एकदा म्हटलं आणि सगळं सोपं झालं. भांडणसुद्धा.

लादीन हा शब्द आमच्या बिल्डिंगमध्ये अजून निम्म्या लोकांना माहीत नाही. मे महिन्याच्या संध्याकाळी आळीतल्या क्रूसापाशी तुम्ही बायका जमायच्या. एकजण मारियामातेचं एकेक बिरुद घेणार आणि बाकीच्या प्रत्येक वेळी तेच एक उत्तर देणार. मी गॅलरीत कपडे काढता काढता ऐकायचे. एका संध्याकाळी राहवलं नाही म्हणून खाली आले आणि मागे उभी राहिले. तू सांगत होतीस, बायका एका सुरात उत्तर देत होत्या आणि मला ऐकू येत होतं, ‘ओरपा नोबी, ओरपा नोबी.’ शेवटी एकीने माझ्या हातावर उकडलेले चणे आणि खोबऱ्याचा तुकडा ठेवला. घरी येऊन मी सुधीरला सांगितलं की ही माणसं क्रूसापुढे उभी राहून ‘ओरपा, ओरपा’ म्हणतात आणि मग खरंच खायला देतात. तो म्हणाला, मग उद्या मीही येतो.

मला तो शब्द तुमच्या बोलीतलाच वाटला होता. तुमची घरातली बोली मला सुरुवातीला ओ की ठो कळत नव्हती. माझ्याशी बोलताना तू जी मराठी वापरायचीस तिला तू ‘बिल्डिंगची मराठी’ म्हणायचीस, आणि तोंड वळवून विल्सनशी बोललीस की मी आंधळी. तेव्हा ‘ओरापोनोबी’ हा तिच्यातलाच एखादा शब्द असणार, असं मी धरून चालले. मी तो बोलायलाही लागले. कितीतरी उन्हाळे मी तुमच्या मागे उभी राहून मोठ्या आवाजात उत्तर देत होते आणि ते लॅटिन आहे याचा मला पत्ता नव्हता. आमच्या सोसायटीतले एक काका म्हणाले, कशाला त्यांच्यात जाता? मी म्हटलं, चणे छान असतात. यापेक्षा खरं कारण मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

अर्थ मी तुलाच विचारला होता. तू जराही न अडखळता म्हणालीस, “हजर.”

मग तू ती शाळेची गोष्ट सांगितलीस. तुझं माहेर वटारचं. बाप बागायतदार, पण हात कमी, म्हणून मोटेचं पाणी वळवायला तुला ठेवून घ्यायचा. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा जमेल तशी. मास्तर हजेरी घेताना तुझं नाव आलं की शेजारी बसणारी फिलू, जी पुढे लग्न होऊन तुझ्याच आळीत आली, आवाज बदलून ‘हजर’ म्हणायची आणि तू तिकडे केळींच्या आळ्यात गुडघाभर चिखलात. रविवारी देवळात गेलीस की तिथेही तेच. (तुमचं देऊळ म्हणजे चर्च, हे कळायलाही मला काही दिवस लागले.) फादर किंवा एखादी म्हातारी नावं घेतेय आणि सगळे मिळून उत्तर देताहेत. मातेर अमुक, विर्गो तमुक आणि शेवटी रेजिना, रेजिना, रेजिना. (मातेर म्हणजे माता, विर्गो म्हणजे कुमारी आणि रेजिना म्हणजे राणी, हे मला फार पुढे कळलं.) तुमच्या गावात रेजिना नावाच्या बायका पुष्कळ, त्यामुळे एका वर्गात इतक्या रेजिना कशा, असा प्रश्न तुला कधी पडलाच नाही. तुझ्या मते ती स्वर्गातली हजेरी होती. वरच्यांना कामं असतात, प्रत्येक आळीच्या क्रूसापाशी त्यांना येता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीने आपण उत्तर द्यायचं. फिलूने तुझ्या वतीने दिलं तसं.

मी पोट धरून हसले. तू हसली नाहीस. तू लग्न होऊन सांडोरला आलीस त्या सुमारास मिस्सा, म्हणजे देवळातली रविवारची उपासना, लॅटिनमधून मराठीत आली, आणि फादर इतकी वर्षं काय बोलत होते ते पहिल्यांदा कळलं, असं तू स्वतःच सांगायचीस. मराठी लादिनीत त्या उत्तराच्या जागी ‘आमच्यासाठी विनंती कर’ असं सरळ छापलेलं आहे. ती पुस्तिका तुझ्या कपाटात होती. तरी तुझं म्हणणं एकच, ती मराठीतली आहे, तिचं उत्तर वेगळं; ही जुनी आहे, हिचं उत्तर हजर. एवढ्या ठाम बाईला कोण समजावणार?

तुझ्या या हजरचा खरा पराक्रम मी बघितलेला नाही, फिलूकडून ऐकलाय. गावं महापालिकेत घालायची की वगळायची यावरून मोर्चे निघत होते तेव्हाची गोष्ट. तुम्ही भाकऱ्या बांधून गेला होतात. पोलिसांनी बायकांना गाडीत बसवलं आणि एक हवालदार एकेकीचं नाव पुकारून खातरजमा करायला लागला. फिलू म्हणते, त्याने ‘कोत्रीन’ म्हटल्याबरोबर तू सवयीने म्हणालीस, ‘ओरापोनोबी’. अख्खी गाडी हसायला लागली. हवालदाराला ते आडनाव वाटलं आणि त्याने ते लिहून घेतलं. फिलूच्या गोष्टीत मीठ जरा जास्त असतं, पण तू ही गोष्ट कधी नाकारली नाहीस.

त्या मोर्च्यावरून आपलं वाजलं होतं ते मात्र मी स्वतः पाहिलंय. तुम्हाला गाव हवं होतं, आम्हाला नळ हवा होता. आमच्या बिल्डिंगला टँकरचं पाणी. टँकर तुमच्या गावांच्या विहिरींवर भरायचे आणि आमच्या टाकीत रिकामे व्हायचे. तू म्हणायचीस, तुम्ही आलात आणि पाणी मचूळ झालं. मी म्हणायचे, जमीन आम्ही चोरली नाही, तुझ्या दिराने विकली. तू म्हणायचीस, विकणाऱ्याला अक्कल नव्हती, घेणाऱ्याला डोळे नव्हते काय? या वादात आपण दोघी बरोबर होतो, हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तू त्याचा लगेच वापर केला असतास.

आणि मग तो पावसाळा आला, ज्यात पाणी चढलं ते उतरेचना. खालच्या मजल्यावरच्यांचे पलंग तरंगले, वीज गेली ती परतायचं नाव घेईना, आमच्या पंपाने मान टाकली. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. तुझी विहीर जोत्यावर उंच होती, तिच्यात घाण शिरली नव्हती. तू फाटक उघडून दिलंस. सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन तुझ्या विहिरीवर उभी, त्यात सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा, लुंगी गुडघ्याच्या वर खोचून. तू रहाटापाशी उभी राहून मला मोठ्याने म्हणालीस, “बघ माधवी, महापालिका आली पाण्याला.” सगळे हसले. मीही हसले, आणि मनातून मला तुझा इतका अभिमान वाटला की सांगता सोय नाही. तुझी मैत्रीण म्हणून त्या रांगेत मी जरा ताठ उभी होते, हे तुला आज सांगते.

आता त्या वर्षाकडे येते. त्या वर्षाबद्दल आपण दोघी नंतर फार बोललो नाही.

लॉकडाउनमध्ये देवळं बंद, देवळं म्हणजे तुमचीही आणि आमचीही. क्रूसापाशी जमायला बंदी. मे महिना उजाडला आणि पहिल्याच संध्याकाळी तू एकटी जाऊन क्रूसापुढे उभी राहिलीस, लुगड्याचा पदर तोंडावरून घट्ट ओढून. एकटीला कोण अडवणार? तू लादीन सुरू केलीस. एक बिरुद म्हणालीस आणि थांबलीस. उत्तराची जागा तशीच रिकामी. दुसरं म्हणालीस, पुन्हा थांबलीस. मी गॅलरीत उभी होते. बोर्डावरची सवय अशी की समोरून हाक आली की उत्तर गेलंच पाहिजे. मी वरून ओरडले, “ओरापोनोबी!” तू मान वर करून बघितलंसुद्धा नाहीस. पुढचं बिरुद घेतलंस. तेवढ्यात आळीच्या टोकाच्या अंगणातून फिलूचा आवाज आला. मग तो सगळा महिना आपण तिघींनी लादीन अशी चालवली, तू खाली, मी तिसऱ्या मजल्यावर आणि फिलू तिच्या पेरूखाली.

त्याच महिन्यात तिकडे कणकवलीला माझी आई वारली. कोरोना नव्हता, वयच झालं होतं. पण गाड्या बंद, जिल्ह्यांच्या सीमा बंद, हातापाया पडूनही जाता येईना. भावाने मोबाइलवर दाखवलं तेवढं मी पाहिलं. चित्र मध्येच अडकायचं आणि आईच्या जागी एक गोल फिरत राहायचं. आईच्या पायाला हात लावायला मी नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गॅलरीत आले, कारण घरात बसवत नव्हतं. तू नेहमीसारखी सुरुवात केलीस. मी उत्तरं देत होते, यंत्रासारखी. रेजिना आल्या. एक रेजिना, दुसरी रेजिना, आणि मग तू तितक्याच शांत आवाजात म्हणालीस, “सुमती.”

माझ्या आईचं नाव तुला ठाऊक आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मी गॅलरीचा गज धरून उभी राहिले. फिलूने पेरूखालून एकटीने उत्तर दिलं आणि तू पुढची रेजिना घेतलीस.

त्याचा मला राग आला होता, मावशी. तुला कळलंही असेल. दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या भिंतीपाशी मी तुला गाठलं. तू पलीकडे लाल माठाच्या जुड्या बांधत होतीस. मी म्हटलं, माझी आई गेली आहे, ती हजर कशी असेल? आणि मुळात त्या शब्दाचा अर्थ हजर नाहीच. मी मोबाइलवर शोधलंय. ते लॅटिन आहे, ‘आमच्यासाठी विनंती कर’ असा त्याचा अर्थ आहे, आणि तू जन्मभर चुकीचं धरून बसली आहेस.

तू जुडी बांधून पूर्ण केलीस. मग म्हणालीस, “बरं. मंग तुझी आई तुझ्यासाठी विनंती करणार नाय काय?”

मला रडू आलं. भिंतीच्या पलीकडून तू हात पुढे केलास, मग ते सहा फुटांचं अंतर आठवून मागे घेतलास, आणि मग वैतागून पुन्हा पुढे करून माझा हात धरलास. तुझ्या हाताला ओली माती होती. तू म्हणालीस, “नाव घेतलं की कोणीतरी बोलायला पायजे, माधवी. सगळे गप बसले की माणूस गैरहजर लागतं.”

वाद तिथेच राहिला. पुढे तू तो काढला नाहीस आणि मीही काढला नाही. पण आईच्या नावाला मी उत्तर दिलं नाही ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. तुलाही माहीत होती. म्हणूनच, केळफूल सोलताना तू ते काम मला सांगितलंस, हे मला आत्ता कळतंय. तुला माझ्या आवाजाची गरज नव्हती. आळीत आवाजांची कमी नाही. मला एकदा ते म्हणायला मिळावं अशी तुझी व्यवस्था होती, आणि मी मात्र ‘बघू’ म्हणून उठून आले, भाजीचा डबा तेवढा घेऊन.

तू गेलीस तेही तुझ्या पद्धतीने. जेवलीस, ओट्यावर टेकलीस आणि सुनेने चहाला हाक मारली तेव्हा उठली नाहीस. फिलूने तुला लाल लुगडं नेसवलं. आता आळीत नेसणारी ती एकटीच उरली. निऱ्या घालताना ती तुझ्यावर ओरडत होती की जाड झाली आहेस, आणि मग तिथेच खाली बसली.

लादीन घरीच, अंगणात ठेवायचं ठरलं. विल्सन मला जिन्यात भेटला. म्हणाला, वहिनी, मराठीतूनच घेतोय, कीबोर्ड असेल, पोरं म्हणतील, फादरही येणार आहेत. चांगला मुलगा आहे तुझा; दोन दिवस झोपला नव्हता. मला वाटलं, गप्प बसावं. यांचं घर, यांची आई, यांचा धर्म; मी कोण सांगणारी? मग तुझा तो कोयता आठवला. तीन जिने चढून आलीस तेव्हा तू कोण म्हणून आलीस असं स्वतःला विचारत बसली नव्हतीस. मी म्हटलं, विल्सन, तुझ्या आईने मला जुनी लादीन सांगून ठेवली आहे. फिलू मावशी सांगेल, उत्तर मी देणार. तो बघतच राहिला. म्हणाला, “तुम्ही? लॅटिन?” मी म्हटलं, लॅटिन नाही रे, तुझ्या आईचं. त्यावर तो तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदा हसला.

मराठी लादीन छान झाली, हेही सांगते, नाहीतर तुला वाटेल मी कौतुक चोरते. पोरं सुरात होती. मग फादरांनी फिलूकडे बघून मान हलवली. फिलू प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होती, हातात काही नाही, डोळे मिटलेले. तिने पहिलं बिरुद घेतलं आणि मी उत्तर दिलं, बोर्डावरच्या आवाजात, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. सुरुवातीला मी एकटीच होते. मग मागून दोन म्हाताऱ्यांचा आवाज लागला, मग तुझ्या सुनेचा. तुझी नातवंडं ‘ओरपा’ ऐकून एकमेकांना कोपरं मारत होती. मारू देत, त्यांनाही चण्यांची वाट बघायची आहे.

मातेर झाल्या, विर्गो झाल्या, रेजिना सुरू झाल्या. आणि रेजिनांच्या मधोमध फिलू अडकली. एक म्हणाली, दुसरीच्या आधी थांबली. ओठ हलले पण शब्द येईना. विल्सन पुढे झाला, फादरांनी त्याला हाताने थांबवलं. सगळं अंगण गप्प. बोर्डावर मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की लाइन कधी मोकळी सोडायची नाही, काहीतरी बोलायचं. पण मी काहीतरी बोलले नाही. मला काय बोलायचं ते पक्कं ठाऊक होतं.

मी म्हटलं, “कोत्रीन.”

आणि फिलूने डोळे न उघडता, तत्काळ, बारीक केलेल्या आवाजात, एखादी मुलगी आवाज बदलून बोलते तशा आवाजात उत्तर दिलं, “ओरापोनोबी.”

मग सगळ्या अंगणाने दिलं. विल्सनने दिलं, फादरांनी दिलं, मागे फाटकापाशी उभ्या असलेल्या सुधीरनेही दिलं. मी ते उत्तर दोनदा म्हटलं, मावशी. दुसऱ्यांदा म्हटलं ते तुझ्यासाठी नव्हतं, सुमतीसाठी होतं. मोबाइलमध्ये काय लिहिलंय ते लिहिलं असू दे. काल तुझ्या अंगणात त्या शब्दाचा अर्थ काय होता हे मला चांगलं कळलं. वाद तू जिंकलीस.

शेवटी चणे आले. फिलूला मी वाटीत दिले, तिने माझं मनगट धरून मला खाली वाकवलं.

“तिचं नाव कोणी घेतलं?”

“मी घेतलं, फिलू मावशी.”

“मी उत्तर दिलं ना बरोबर?”

मी म्हटलं, दिलंस की, सगळ्यांच्या आधी दिलंस. ती समाधानाने चणा चघळत राहिली. मग आजूबाजूला बघून, कोणी ऐकत नाही याची खात्री करून, माझ्या कानाशी म्हणाली, “वर्गातपण मीच द्यायची. मास्तरांना कधी कळलं नाय.”